पिसुर्लेकर आणि दफ्तराची धूळ

एकाने लिहिलंय, अभिलेखपाल (जुनी सरकारी कागदपत्रं सांभाळणारा) म्हणजे धूळ झटकणारा कारकून. अहो, मग गोव्याचे इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांना काय म्हणाल? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावचा हा माणूस पणजीच्या दफ्तरखान्यात वर्षानुवर्षं बसला. या दफ्तराची सुरुवात 1595 सालची, पहिला रखवालदार पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु. वाऱ्यांचा हंगाम साधून गलबतं लिस्बनला जात-येत, म्हणून पोर्तुगालचा राजा आणि गोव्यातला व्हाइसरॉय यांच्या पत्रव्यवहाराच्या बाडांना नावच पडलं 'मोसमांची पुस्तकं'. जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर, त्यात आमच्या पावसाळ्याची दमट हवा आणि वाळवी. एक पान लावायला, म्हणजे वाचून अर्थ लावायलाही, चिकाटी लागते.

पिसुर्लेकरांनी पानं नुसती लावली नाहीत, छापून लोकांपुढे ठेवली. राज्य-मंडळाच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या सल्लागार मंडळाच्या, ठरावांचे पाच खंड काढले. 1952 च्या पुस्तकात तर पोर्तुगिजांसाठी बोलणी करणारे हिंदू, मुसलमान, ज्यू, पारशी दूत नावानिशी समोर आणले. मला तेच जास्त मोलाचं वाटतं. तह कोणी केला हे शाळेत शिकवतात, पण दोन्हीकडची भाषा कळणारा आपलाच एखादा शेणवी मध्ये उभा होता, हे दफ्तर उलगडल्याशिवाय कसं कळायचं?

मराठीतच वाचायचं असेल तर त्यांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' शोधा. संभाजीराजांच्या गोव्यावरच्या स्वारीपासून सुरुवात केलीत तरी चालेल. (माझी प्रत एका मित्राने नेली ती नेलीच.)