मदत हवी आहे: निर्दोष सुटलेल्या माणसाला 'सजायाफ्ता' म्हणणं बदनामी ठरते का?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावावर 2018 मध्ये मारामारीचा गुन्हा दाखल झाला होता. 2022 मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, निकालाची प्रत आमच्याकडे आहे. गेल्या महिन्यात सोसायटीच्या निवडणुकीला तो उभा राहिला, तेव्हा एका सभासदाने व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "हा जेलमध्ये शिक्षा भोगून आलाय." तो एक दिवसही आत नव्हता! आई तेव्हापासून खाली उतरत नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे, आणि सत्य विधान लोकहितासाठी केलं असेल तर तो अपवाद, एवढं वाचलंय. पण इथे केस झाली होती हे खरं, शिक्षा झाली हे धादांत खोटं. अर्धं खरं असल्याचा फायदा त्यांना मिळेल का? पोलीस म्हणाले, हा अदखलपात्र गुन्हा आहे (म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत), कोर्टात खासगी तक्रार करा. भरपाईच्या दिवाणी दाव्याला एकच वर्षाची मुदत असते, म्हणून घाई आहे. आधी वकिलामार्फत नोटीस पाठवून माफी मागायला लावावी का? आणि स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालावा यासाठी कोणतं प्रमाणपत्र जोडायचं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.