फेलोशिप मोजक्यांना द्यावी की पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला?

तळटीप (धागाकर्ता)

डिसेंबर 2023 च्या नागपूर अधिवेशनात सारथी या मराठा समाजासाठीच्या राज्य संस्थेच्या पीएचडी अधिछात्रवृत्तीला (फेलोशिपला) 200 जणांची मर्यादा का घातली, असा प्रश्न विधान परिषदेत उपस्थित झाला, तेव्हा पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा उलट सवाल त्या वेळच्या उपमुख्यमंत्र्यांनी केला होता. पुढे त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली, परंतु तेव्हापासून ही सगळी चर्चा मानापमानाच्या अंगानेच होत राहिली आणि पैशाचा साधा हिशेब कोणी मांडलाच नाही. तो इथे मांडतो, आणि माझे मत मर्यादेच्या बाजूचे आहे हेही आधीच सांगून टाकतो.

बार्टी (अनुसूचित जातींसाठीची राज्य संस्था), सारथी आणि महाज्योती (ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठीची) यांची अधिछात्रवृत्ती यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दरांच्या धर्तीवर दिली जाते. 1 जानेवारी 2023 पासूनचा दर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढची तीन वर्षे दरमहा 42,000 रुपये असा आहे. म्हणजे घरभाडे भत्ता आणि आकस्मिक खर्च बाजूला ठेवला तरी एका संशोधकावर पाच वर्षांत 24 लाख रुपये खर्च होतात. 200 जणांसाठी ही रक्कम 48 कोटी होते. बार्टीच्या 2022 च्या तुकडीतील 763 जणांना आंदोलनानंतर सरसकट अधिछात्रवृत्ती मिळाली, तिचा हिशेब याच दराने केला तर आकडा 183 कोटींच्या पुढे जातो, आणि हा एका संस्थेच्या एकाच तुकडीचा हिशेब आहे. हा पैसा वाया जातो असे मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की इतका पैसा दरमहा वेळेवर देण्याची ताकद नसेल, तर सर्वांना मंजुरी देऊन सर्वांनाच थकबाकीत ठेवण्यापेक्षा थोड्यांची नीट निवड करावी आणि त्यांना पहिल्या तारखेला पैसे द्यावेत.

निवड मात्र एका दिवसाच्या बहुपर्यायी परीक्षेने नको. या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी झालेल्या 24 डिसेंबर 2023 च्या चाळणी परीक्षेत 2019 च्या सेटचीच (राज्याच्या प्राध्यापक पात्रता परीक्षेचीच) प्रश्नपत्रिका आल्याचे उघड झाले, ती रद्द करून 10 जानेवारी 2024 ला फेरपरीक्षा घेतली, तर प्रश्नपत्रिकांच्या संचांना सील नसल्याची तक्रार करून काही केंद्रांवर उमेदवारांनी तिच्यावरही बहिष्कार टाकला. संशोधनाचा आराखडा वाचून, उमेदवाराला समोर बसवून त्यावर प्रश्न विचारून निवड करावी, असे माझे मत आहे.

कोरडवाहू

हिशेब बरोबर आहे, पण तो उलट्या टोकाने मांडला आहे. पीएचडीला नोंदणी झालेला विद्यार्थी आधी विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) उत्तीर्ण झालेला असतो किंवा नेट-सेट या प्राध्यापक पात्रता परीक्षांमुळे तिच्यातून सुटलेला असतो, मग त्याची मुलाखत होते, मग आरआरसीसमोर (संशोधन मान्यता समितीसमोर) विषयाचे सादरीकरण होते आणि त्यानंतरच त्याच्या हाती नोंदणीचे पत्र पडते. म्हणजे आपण ज्याला आराखडा वाचून केलेली निवड म्हणता, ती विद्यापीठाने एकदा केलेली असते. त्याच माणसाला त्याच कामासाठी पुन्हा चाळणीत घालायचे, तर आधीच्या समितीने काय पाहिले, हा प्रश्न विद्यापीठाला विचारावा, विद्यार्थ्याला कशासाठी?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या घरांतून आमच्यासारखी पहिली पिढी संशोधनाला येते, तिथे फेलोशिप ही कौतुकाची शाल नसते, घरात किराणा त्याच पैशांतून भरला जातो. पूर्णवेळ संशोधक म्हणून नोंद झाली की दुसरी नोकरी करायची नाही, असे हमीपत्र स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावे लागते. फेलोशिप मिळाली नाही, तर तोच माणूस सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, तासिका घेतो, तेही मानधन वर्षअखेरीस मिळते, आणि प्रबंध रविवारी लिहिला जातो. आपल्या 200 मध्ये न बसलेल्यांचे पुढे काय होते, याचा विचार आपल्या हिशेबात कुठेच नाही.

मोजक्यांच्या निवडीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून नेहमी सयाजीरावांनी 1913 मध्ये बाबासाहेबांना दिलेल्या शिष्यवृत्तीचा दाखला दिला जातो. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार, अशा तिच्या अटी होत्या. कोलंबियाचा अभ्यास झाला, लंडनचा अर्ध्यावर असताना मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. लंडनला पुन्हा जाण्यासाठी त्यांना 1920 पर्यंत थांबावे लागले. त्यासाठी पगारातून शिल्लक टाकली, मित्राकडून कर्ज घेतले आणि शाहू महाराजांची मदत झाली. हा दाखला देणाऱ्यांनी या मधल्या तीन वर्षांचाही हिशेब सांगावा.

निवृत्त मास्तर

दोन्ही बाजू वाचल्या. मी बरीच वर्षे मार्गदर्शक होतो, म्हणून थोडे कटू लिहितो. आपण ज्याला संशोधन म्हणत आहात, त्यातले बरेचसे नोकरीच्या रांगेत उभे राहण्यासाठी केलेले असते. 2018 च्या यूजीसी नियमावलीने विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी सक्तीची केली, अंमलबजावणी आधी 2021 आणि मग 2023 पर्यंत पुढे ढकलली, आणि जुलै 2023 मध्ये नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता ठेवून पीएचडी ऐच्छिक करून टाकली. या पाच वर्षांत माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी किती जणांना विषयाची ओढ होती आणि किती जणांना त्या नियमाची भीती होती, हे मला चांगले ठाऊक आहे.

एक मुलगा आठवतो. पहिल्याच भेटीत त्याने मला विचारले होते, "सर, विषय कोणताही चालेल, फक्त कोणत्या विषयाला फेलोशिप लवकर मिळते?" त्याच्यावर मी रागावलो नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारले असते. पण अशा प्रत्येकाला पाच वर्षे सार्वजनिक पैसा द्यावा, हे मला पटत नाही. त्यामुळे मर्यादा हवी, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जेआरएफचे (कनिष्ठ फेलोचे) एसआरएफ (वरिष्ठ फेलो) होते ती पायरी खरोखरची परीक्षा व्हायला हवी. आज ती समिती चहा पिऊन सह्या करते. मीही केल्या आहेत.

सूक्ष्मदर्शक

मी विज्ञान शाखेची आहे आणि केंद्राच्या फेलोशिपवर होते, म्हणून राज्याच्या मर्यादेवर बोलत नाही. पण तळटीप यांनी गृहीत धरले आहे की संख्या कमी केली की पैसे वेळेवर येतील. माझा अनुभव नेमका याच्या उलट आहे.

आमच्या विभागात जेआरएफ असलेले आम्ही चौघेच होतो. केंद्राकडे पैसा नव्हता असेही नाही. महिनाअखेरीस हजेरीपत्रकावर मार्गदर्शकाची सही, त्याखाली विभागप्रमुखांची सही, मग विद्यापीठातला एक कर्मचारी पोर्टलवर नोंद करतो, त्याला 'मेकर' म्हणतात, आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो, तो 'चेकर'. एका उन्हाळ्यात चेकरची बदली झाली आणि नव्या माणसाचे लॉगिन तयार होईपर्यंत आमच्यापैकी कोणाचीच मासिक नोंद पुढे गेली नाही. सात महिने. त्या काळात मी खोलीचे भाडे वडिलांच्या पेन्शनमधून भरले आणि पहाटे उठून फळमाशीच्या बाटल्या बदलत राहिले, कारण माशांना पोर्टल कळत नाही. थकबाकी एकरकमी आली तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, "बघ, बचत झाली तुझी."

आणखी एक गोष्ट. मूळ रक्कम 2019 मध्ये वाढली, 2023 मध्ये वाढली, आकस्मिक खर्च मात्र विज्ञानाला पहिली दोन वर्षे वार्षिक 12,000 आणि मानव्यशाखांना 10,000 असाच राहिला. एका चांगल्या अँटीबॉडीच्या कुपीची किंमत याहून जास्त असते. शेजारच्या आयआयटीत पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीवरचा मुलगा 70,000 पासून सुरुवात करतो आणि त्याला वर्षाला दोन लाखांचे संशोधन अनुदान वेगळे मिळते. मोजक्यांना भरघोस देण्याचा प्रयोग झालेलाच आहे, आणि तो आधीच समृद्ध असलेल्या संस्थांमध्ये झाला आहे.

जमाखर्च

मी विद्यापीठाच्या लेखा विभागात काम करतो, तेव्हा दुसरी बाजूही लिहून ठेवतो. मासिक नोंदीची पद्धत त्रासदायक आहे हे मान्य, पण कनिष्ठ महाविद्यालयात पूर्णवेळ नोकरी करून वर फेलोशिप घेणारे उमेदवार मी स्वतः कागदावर पकडले आहेत, आणि वसुली कशी करायची हे आजही कोणाला नीट माहीत नाही. सही-शिक्क्याशिवाय पैसे सोडले तर लेखापरीक्षणात उत्तर आम्हाला द्यावे लागते. शिवाय राज्याचे अनुदान अनेकदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येते आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे खर्च झाल्याचा दाखला) मात्र 31 मार्चच्या तारखेचे मागितले जाते.

तळटीप

सूक्ष्मदर्शक यांचा मुद्दा मान्य आहे. संख्या घटवली की विलंब आपोआप घटेल, हे माझे गृहीतक कच्चे होते. चौघांचेही पैसे सात महिने अडकत असतील तर दोष संख्येचा नाही. पण त्यावरून मर्यादाच नको असा निष्कर्ष निघत नाही. कोरडवाहू म्हणतात तशी विद्यापीठाची नोंदणी हीच निवड मानायची ठरवली, तर फेलोशिपवाल्या विद्यार्थ्यांमुळे ज्यांच्या खोल्या भरतात, त्या विभागांच्याच हाती राज्याच्या तिजोरीची किल्ली जाते. निवृत्त मास्तरांनी चहा आणि सह्यांबद्दल जे लिहिले आहे, ते वाचल्यावर मला हे अधिकच धोक्याचे वाटते.

कोरडवाहू

किल्लीची भीती समजू शकतो. मग एक अट घाला आणि मर्यादेला मीही विरोध करणार नाही: संख्या नोंदणीच्या आधी जाहीर करा. 2022 ची मुले आधीच्या वर्षांकडे पाहून विषय ठरवून, गाव सोडून, पूर्णवेळ म्हणून नोंदली गेली होती, आणि संख्या व परीक्षा या दोन्ही गोष्टी त्यांना नोंदणीनंतर कळल्या. माझ्या खोलीवरच्या मुलाने तर औरंगाबादेतली खासगी शिकवणी बंद करून विद्यार्थी दुसऱ्याला देऊन टाकले होते. 200 असतील तर 200 सांगा, 50 असतील तर 50 सांगा, पण ती शिकवणी बंद करण्याच्या आधी सांगा.

तळटीप

ही अट मान्य. परीक्षेबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.