कालबाह्य कायदे नुसते पडून नसतात

'जुने कायदे पुस्तकात पडून असतात, त्यांनी कोणाचं काय बिघडतं?' असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. बिघडतं, आणि ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याचंच बिघडतं.

आपल्या महाराष्ट्रातला भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा बघा. त्यात भीक मागणं म्हणजे फक्त हात पसरणं नव्हे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना, भीक मागून जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणं किंवा थांबून राहणंसुद्धा त्या व्याख्येत बसतं! म्हणजे गावाहून कामाच्या शोधात आलेला, फलाटावर झोपलेला माणूसही. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कोंडून ठेवता येतं. गरिबी हाच गुन्हा झाला की हो. हाच कायदा दिल्लीतही लागू होता; दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली.

आणि न्यायालयाने रद्द केलं म्हणून सुटका होते असंही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ आठवा, इंटरनेटवर 'आक्षेपार्ह' मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. मधली सात वर्षं ज्यांनी तारखांना खेटे घातले, त्यांना ती कोण परत देणार?