मदत हवी आहे : भावाचा जामीन मंजूर झाला, पण जामीनदाराअभावी तो अजून आतच आहे (नागपूर)

रातराणी :

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे बागकामाचे नि पाककृतींचे धागे वाचते, लिहीत कधीच नाही. आता रात्रीचे साडेअकरा झालेत, आई आत्ता कुठे झोपली, आणि कुणाला विचारावं ते सुचत नाही म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाला (वय 24) मागच्या सोमवारी रात्री अटक झाली. आम्ही मानेवाड्याकडे राहतो. गल्लीत गाडी लावण्यावरून शेजाऱ्यांशी भांडण झालं, शब्दाला शब्द वाढला, आणि भावाच्या हाती लोखंडी पाइप लागला. शेजारच्या काकांच्या डोक्याला सहा टाके पडले. चूक भावाची आहे, ती मी लपवत नाही. काका आता दवाखान्यातून घरी आलेत, चालतात-बोलतात, यासाठी मी रोज देवापुढे हात जोडते.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 118(1) खाली, म्हणजे घातक साधनाने दुखापत. हे कलम अजामीनपात्र आहे असं वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मंगळवारी कोर्टात नेलं, दोन दिवसांचा पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला, गुरुवारी एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला आणि तेव्हापासून तो वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये आहे. जामिनाचा अर्ज गुरुवारीच टाकला होता. सरकारी पक्षाचा से (लेखी म्हणणं) यायला वेळ गेला आणि काल मंगळवारी दुपारी जामीन मंजूर झाला. मी तिथेच रडले. आईला फोन करून सांगितलं की तो संध्याकाळी घरी येतोय. तिने भरल्या वांग्याची तयारी केली. तो आलाच नाही.

आदेशात लिहिलंय : 25,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार स्थानिक जामीनदार. मला वाटलं होतं की 25 हजार भरले की माणूस सुटतो. तेवढे मी दागिने ठेवून उभे केलेही असते. पण वकील म्हणाले, पैसे नकोत, माणूस आणा.

तो माणूसच मिळत नाहीये. वडील नाहीत. घर भाड्याचं, माझी नोकरी कंत्राटी. नागपुरातल्या दोन नातेवाइकांनी विषय बदलला, एकांनी फोनच उचलला नाही. वरुडला मामांची चार एकर संत्र्याची बाग आहे, ते यायला तयार आहेत. पण वरुड पडलं अमरावती जिल्ह्यात, ते ‘स्थानिक’ धरतील का? आणि मामी घाबरल्यात. त्यांचं म्हणणं, उद्या भाचा पेशीला गेला नाही तर बाग जाईल. मला त्यांना खरं उत्तर द्यायचंय, पण मलाच ते माहीत नाही.

आज कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर एक माणूस भेटला. म्हणाला, सहा हजार द्या, उद्या जामीनदार उभा करतो, कागदपत्रं माझी. नेटवर व्हिडिओ पाहिले तर त्यातही दहा टक्के भरले की एजंट सोडवून आणतो असं सांगतात, म्हणजे हा तसलाच एजंट का? आई म्हणते देऊन टाक. मी ‘विचारून सांगते’ म्हणून निघून आले.

वकील चांगले आहेत, पण फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाहीत. कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

धरमपेठी :

ताई, टपरीवरच्या माणसाला एक रुपया देऊ नका. बाकी जाणकार लिहितीलच, पण सकाळी आईंनी पैसे काढायच्या आत एवढं त्यांना सांगा.

सातासमुद्रापार :

मी ओहायोत राहतो. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ अमेरिकेतले असणार. इकडे बहुतेक राज्यांत परवानाधारक बेल बॉन्ड एजंट असतात. कोर्टाने 25 हजार डॉलर ठरवले तर घरचे एजंटला साधारण दहा टक्के, म्हणजे अडीच हजार देतात आणि पूर्ण रकमेची हमी एजंट कोर्टाला देतो. ते अडीच हजार परत मिळत नाहीत, आरोपी निर्दोष सुटला तरीही. बरेचदा वर गाडी किंवा घरही तारण लिहून घेतात. गरिबांची यात इतकी पिळवणूक होते की इलिनॉय राज्याने सप्टेंबर 2023 पासून पैशांचा जामीनच बंद केला. भारतात असा परवाना कुणालाही मिळत नाही. म्हणजे टपरीवरचा तो माणूस एजंट नव्हेच.

जुना_नाझर :

मी कोर्टाच्या कचेरीतून निवृत्त झालो. जमेल तेवढं क्रमाने सांगतो, घाईत काही सुटलं तर विचारा.

पहिलं, शब्दांचा घोळ. जातमुचलका म्हणजे तुमच्या भावाने स्वतः लिहून द्यायचं की मी तारखेला हजर राहीन, न राहिलो तर 25 हजार भरीन. जामीनदार तेच वचन त्याच्या वतीने देतो : हा हजर राहील, न राहिला तर ही रक्कम माझ्याकडून घ्या. दोघांपैकी कुणीच आज पैसे भरत नाही. म्हणून वकील म्हणाले, माणूस आणा. कोर्टाला रकमेपेक्षा त्या मुलाला कान धरून आणू शकेल असं कुणीतरी हवं असतं. सख्खा मामा यासाठी टपरीवाल्याच्या अनोळखी माणसापेक्षा कितीतरी बरा.

‘जामीन झाला’ आणि ‘सुटला’ यात बरीच पायपीट असते. जामीनदार मूळ कागद घेऊन कोर्टासमोर येतो : आधार, फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा, आणि ऐपत दाखवणारं काहीतरी. शेतकऱ्याचा सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा), घरमालकाची कर पावती, नोकरदाराचं पगारपत्रक आणि कार्यालयाचं ओळखपत्र, नाहीतर बँकेची मुदत ठेव. काही वेळा तहसीलदाराचा ऐपत दाखला मागतात, त्याला दिवस जातात, म्हणून तो लागेल का हे वकिलांना आधीच विचारा. मग प्रतिज्ञापत्र होतं. आपण आणखी किती आरोपींना जामीन राहिलो आहोत हेही जामीनदाराला लिहून द्यावं लागतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, कलम 486; पुढची कलमंही याच कायद्याची). साहेबांनी जामीनदार स्वीकारला की सुटकेचा आदेश निघतो आणि तो जेलमध्ये पोचावा लागतो. संध्याकाळी कैद्यांना कोठड्यांत बंद केल्यानंतर पोचला तर रात्र आतच. मंगळवारी संध्याकाळी वाट पाहणाऱ्या कित्येक आया मी पाहिल्यात, म्हणून सांगतो, रिलीज ऑर्डर हातात पडेपर्यंत घरी वेळ कळवू नका.

आता पैसे देऊन आणलेल्या जामीनदाराचं. हे लोक एकच सातबारा दहा ठिकाणी वापरतात, कधी कागदच खोटे असतात. ते उघडकीला आलं तर कलम 488 खाली कोर्ट तुमच्या भावाविरुद्ध वॉरंट काढून त्याला पुन्हा उभं करतं, नवा जामीनदार द्या म्हणतं आणि न दिल्यास परत आत पाठवतं. खोट्या कागदांचा वेगळा गुन्हा दाखल होतो तो निराळाच. सहा हजारांत तुम्ही दुसरी केस विकत घ्याल.

वरुडबद्दल : बिचकू नका. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. 10,000 चा जामीनदार मागितला होता, भाऊ उभा राहायला तयार होता, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून मॅजिस्ट्रेटने तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते चूक ठरवलं आणि मोतीरामला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. 31 जानेवारी 2023 च्या आदेशातही सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे. वकिलांना सांगा, ‘स्थानिक’ हा शब्द वगळण्यासाठी साधा अर्ज टाकता येतो.

आणि तुमच्याजवळ 25 हजार उभे होत असतील तर कलम 490 आहे. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या असा अर्ज करा. परवानगी देणं कोर्टाच्या हातात असतं, पण जामीनदार शोधेपर्यंत चार-सहा आठवड्यांसाठी कॅश बेल देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ही रक्कम शर्ती पाळल्या तर परत मिळते. पावती जिवापाड जपा, लॅमिनेशन करू नका, झेरॉक्स काढून ठेवा. पावती हरवली म्हणून वर्षानुवर्षं हेलपाटे घालणारी माणसं माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली आहेत.

कपाशीवाला :

ताई, मामीले माह्यातर्फे सांगा. माहे बाबा चुलतभावाले जमानतदार होते. सातबारा कोर्टात दाखवला, झेरॉक्स लावली, मूळ कागद घरी आणला. केस चालली तोवर दर साली पेरणी केली, कापूस निघाला, वावराले कोणी हात लावला नाही. बाबांनं एकच काम केलं. पेशीच्या आदल्या संध्याकाळी चुलत्याच्या घरी जाऊन बसायचे, अन् सकाळी त्याले सोबत घेऊनच कोर्टात जायचे. मामाले तेवढंच करा लागते.

जुना_नाझर :

कपाशीवाल्यांनी लाखमोलाचं सांगितलं. मामींसाठी कायद्याची बाजूही लिहितो, कारण त्यांची भीती अगदी निराधार नाही. भाचा तारखेला आला नाही तर मुचलका जप्त होतो आणि कोर्ट मामांना नोटीस काढतं, रक्कम का वसूल करू नये याचा खुलासा द्या म्हणून. खुलासा पटला तर रक्कम कमीही करतात. नाही पटला तर 25 हजारांपर्यंत वसुली होते. अख्ख्या बागेची नाही, मुचलक्यात लिहिलेल्या रकमेची. ती कुठूनही वसूल झाली नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, हेही त्यांच्यापासून लपवू नका (कलम 491). पुढे कधी मामांना वाटलं की पोरगा ऐकत नाही, तर कलम 489 खाली अर्ज करून ते हमीतून बाहेर पडू शकतात, मग कोर्ट भावाला बोलावून दुसरा जामीनदार मागतं. आणि देव न करो, मुचलका जप्त होण्याआधी मामांचं काही बरंवाईट झालं तर त्यांच्या वारसांवर किंवा बागेवर काहीही बोजा येत नाही.

अंबाझरीकाठ :

जामिनाच्या बाकी शर्ती वाचल्यात का? पोलीस स्टेशनला हजेरी असेल, आणि फिर्यादी व साक्षीदारांशी संपर्क करायचा नाही ही शर्त बहुतेक असतेच. शेजारी त्याच गल्लीत राहतात. भाऊ सुटून आला की पहिल्यांदा काकांच्या पाया पडायला जाईल, आणि तोच संपर्क शर्तभंग ठरून जामीन रद्द करायचा अर्ज येईल. माझ्या मित्राच्या बाबतीत नेमकं हेच झालं. काही दिवस त्याला दुसरीकडे राहू द्या, फक्त पत्ता बदलला तर तो कोर्टात आणि पोलिसांना लेखी कळवा.

दुसरं, वकिलांची फी झेपेनाशी झाली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 हा हेल्पलाइन नंबर आहे. आणि जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेल अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. तेही 2023 च्याच आदेशात आहे. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट आपणहून शर्त सैल करता येईल का ते पाहू शकतं. तुमच्यावर तेवढी वेळ येणार नाही असं वाटतं.

रातराणी :

सगळ्यांचे हे एवढे मोठे प्रतिसाद पहाटे चारला उठून वाचले. आईलाही वाचून दाखवले. टपरीवरच्या माणसाचा सकाळी दोनदा फोन आला, नाही म्हणून सांगितलं.

शर्ती नीट वाचल्या. दर रविवारी 10 ते 12 हजेरी, फिर्यादीशी कोणताही संपर्क नाही, परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही. पाया पडण्याचं अगदी बरोबर ओळखलंत. जेलच्या भेटीत तो हेच म्हणाला होता, सुटलो की आधी काकांकडे जातो. अंबाझरीकाठ, तुम्ही लिहिलं नसतं तर मीच त्याला घेऊन गेले असते.

वकिलांना कलम 490 चं विचारलं. ते म्हणाले, तुमचे नातेवाईक तयार होतील असं वाटलं म्हणून मी ते काढलं नाही. आज अर्ज टाकतायत, सोबत ‘स्थानिक’ वगळण्याचाही.

रातराणी (शनिवार) :

काल दुपारी कोर्टाने चार आठवड्यांसाठी 25,000 रोख भरायला परवानगी दिली, तोवर मामांना जामीनदार म्हणून उभं करायचं आहे. अमरावती जिल्ह्यातला सातबारा चालेल असंही आदेशात आलंय. दोन बांगड्या ठेवल्या, बाकी पैसे मामांनी मामींकडूनच घेऊन पाठवले. मी मामींना नाझरकाकांचा तो पूर्ण परिच्छेद फोनवर वाचून दाखवला होता, सहा महिन्यांच्या कैदेच्या ओळीसकट. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, दर पेशीला मी स्वतः येईन, त्याला सांग.

पैसे भरून रिलीज ऑर्डर निघेपर्यंत साडेपाच वाजले. जेलला पोचले तोवर उशीर झाला होता. तुम्ही सांगितलं होतं म्हणून आईला वेळ कळवलीच नव्हती. आज सकाळी तो बाहेर आला. जेलमधल्या नऊ दिवसांत बारीक झालाय. गाडीत काहीच बोलला नाही, रिंग रोडला लागल्यावर फक्त विचारलं, काकांचे टाके काढले का.

त्याला मावशीकडे खामल्याला ठेवलंय. पत्त्याचा अर्ज सोमवारी देणार. उद्या रविवार, पहिली हजेरी, मी सोबत जाते आहे.

नाझरकाका, एक राहिलं. मामा सोमवारी वरुड तहसीलला ऐपत दाखल्यासाठी अर्ज करतायत. सातबाऱ्यावर मामांसोबत त्यांच्या धाकट्या भावाचंही नाव आहे. मग भावाचं संमतीपत्र लागेल, की मामांच्या हिश्श्यावरच दाखला निघेल?