आधी फ्लँजचं भोक मापून बघा

काकांच्या इलिओस्टोमीभोवतीची (लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून केलेल्या शौचाच्या वाटेभोवतीची) कातडी सोलवटलीय, त्यावर लावलेली शौचाची पिशवी टिकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. इतरांनी सुचवलेली स्टोमा पावडर (सोलवटलेल्या कातडीवर लावायची) चांगलीच, पण आधी फ्लँजचं, म्हणजे पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं, भोक तपासा. ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवडे स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, आक्रसत जातो. जुन्याच मापाने कापत राहिलं की मधे उघडी राहिलेली कातडी पातळ शौचाने अक्षरशः भाजते. स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं कापा. खोबरेल तेल मुळीच नको, त्यावर फ्लँज चिकटत नाही. कोमट पाण्याने पुसा, टिपून कोरडं करा. पिशवी बदलायची ती सकाळी, चहाच्याही आधी. आणि गळेल या भीतीने त्यांचं पाणी तोडू नका हो! उलट ओआरएस घरात ठेवा. कातडी ओलीच राहिली तर स्टोमा नर्सला दाखवा.