स्वराजद्वीपवर मुक्काम राधानगरला की विजयनगरला?

कापसाची वेचणी आटोपल्यावर आईवडिलांना अंदमानला नेताना स्वराजद्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, राधानगरला राहावे की विजयनगरला, असे आपण विचारले आहे. माझे मत विजयनगरच्या बाजूने आहे. राधानगरचा किनारा पश्चिमेला असल्याने सूर्यास्तासाठी तोच उत्तम, हे खरे. परंतु जेट्टी आणि गोविंदनगरचा बाजार तेथून बराच दूर पडतो, आणि जेवणाच्या वेळा पाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना ते गैरसोयीचे होते. विजयनगरहून ही दोन्ही ठिकाणे त्यामानाने जवळ आहेत. मात्र तेथे ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरून खडक व प्रवाळ उघडे पडतात, त्यामुळे ‘समुद्रासमोरची खोली’ म्हणून जास्त पैसे मोजण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा अवश्य पाहाव्यात. आपल्या यवतमाळकडच्या, धरणाचेच पाणी पाहिलेल्या माणसाला हे सहसा सुचत नाही. राधानगरला एखाद्या दुपारी रिक्षाने जाऊन यावे.