११२ आणि १०८ चा खर्च कोणी उचलायचा? माझं मत : सगळ्यांनी, महिन्याला एक रुपया

पाऊलवाट
मागच्या पावसाळ्यात रात्री अडीचला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ लावला. फोन लगेच उचलला, पलीकडची मुलगी धीराने बोलली, पण तालुक्यातली गाडी दुसरा पेशंट घेऊन जिल्ह्याला गेलेली. शेवटी शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये मागे गादी टाकून नेलं. वडील आता बरे आहेत.

राज्यात १०८ सुरू झाली २६ जानेवारी २०१४ ला, ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या व्हेंटिलेटरसह पूर्ण सोयीच्या २३३. गाड्या वाढायच्या तर हक्काचा पैसा लागतो, दरवर्षी बजेटच्या दारात उभं राहून तो मिळत नाही. अमेरिकेत ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकासाठी फोनच्या बिलातच दरमहा आकार लागतो. आपल्याकडे मुंबई धरून दहा कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या आहेत. जोडणीमागे महिना १ रुपया घेतला तरी वर्षाला १२० कोटींच्या वर जातात. वेगळं खातं ठेवा, त्यातून फक्त ११२ (पोलीस आणि इतर तातडीची मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) चालवा.

काटेकोर
वडील बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पण उपाय अजिबात पटला नाही. रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आपण भरतोच. अमेरिकेचंच बघा. न्यू जर्सीत दरमहा ९० सेंट घेतात आणि त्यातला मोठा भाग राज्य इतर खर्चाकडे वळवतं. तिथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाच्या अहवालांत हे वर्षानुवर्षं येतंय. आणि वेगळ्या खात्याचं म्हणाल तर २०१३ च्या बजेटमध्ये महिलांच्या सुरक्षेसाठी १,००० कोटींचा निर्भया निधी झाला. त्यातूनच ११२ च्या देशव्यापी यंत्रणेला ३२१.६९ कोटी मंजूर झाले, हे चांगलंच. पण त्या निधीतला बराच पैसा किती वर्षं पडून राहिला! पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला तिकीट लागत नाही, मग ११२ ला का लागावं? करातूनच चालवा.

सरळहिशेब
माझं म्हणणं दोघांहून वेगळं. ज्याने फोन केला त्याने भरावं. खरी अडचण असेल तर २०० रुपये कोणालाही जड नाहीत, आणि उगाच फोन करणारे थांबतील.

हेडफोनवाली
सरळहिशेब, मी कंट्रोल रूममध्ये फोन घेण्याचं काम केलंय म्हणून सांगते, कृपया हे बोलू नका. उगाच येणारे फोन खूप असतात, खरं आहे. लहान मुलं, दारू प्यायलेले, खिशात दाबला गेलेला फोन. यातल्या कोणाला २०० रुपयांची भीती असते? भीती वाटेल ती नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, जिच्या हातात स्वतःचे वीस रुपयेही नसतात. कुजबुजत बोलतात त्या. नुसता श्वास ऐकू येतो, आपण विचारायचं आणि त्यांनी हं किंवा अंहं म्हणायचं. पैसे लागतात असं एकदा कानावर गेलं की तो फोन येणारच नाही.

सरळहिशेब
हा विचार मी केला नव्हता. खोट्या बातमीवर गाडी पळवणाऱ्यांना मात्र दंड हवाच.

तोरणमाळकर
आमच्याकडे प्रश्न रुपयाचा नाही, रेंजचा आहे. पाड्यावरून टेकडीवर चढलं तर फोन लागतो. ११२ फुकट असून उपयोग काय? दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के गावाखेड्यांतल्या सेवेसाठी कापले जातात. आधी त्याला यूएसओ फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी. त्यात हजारो कोटी वर्षानुवर्षं साठून राहिले. पहिला टॉवर त्यातून उभा करा. आणि पाऊलवाट, तुमच्या हिशेबात माझ्या आईचाही रुपया आहे. तिच्या घरात फोन लागत नाही, तिने का भरायचा?

पाऊलवाट
तुमच्या आईने भरू नये, हे मान्य. रेंज नाही तिथे आकार नाही, असं लिहूनच घ्यावं लागेल. पण काटेकोर, करातून चालवा म्हणता, तर तेच आज चालू आहे आणि त्या रात्री गाडी नव्हती. दानावर विसंबायची तर बातच नको. १०८ चा जन्म २००५ मध्ये हैदराबादला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंच्या देणगीतून झाला. २००९ च्या जानेवारीत कंपनीचा घोटाळा उघड झाला आणि गाड्यांचं काय होणार ही चिंता पडली. दुसऱ्या उद्योगसमूहाने हात दिला म्हणून निभावलं.

काटेकोर
देणगी मीही मागत नाही. कायद्यात लिहा : इतक्या लोकसंख्येमागे इतक्या गाड्या, नाही दिल्या तर सरकारला कोर्टात उभं करता यावं. मग पैसा कुठून आणायचा ते अर्थखात्याने बघावं.

पाऊलवाट
असा कायदा होणार असेल तर माझा रुपया मी मागे घेतो. तोवर नाही.